कोंबडीला दोन पोटं कशाला?

मार्च २०२४ मध्ये नागपूरच्या सरकारी कुक्कुट केंद्रात बर्ड फ्लू निघाला आणि आठ हजारांहून जास्त कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. त्याला वर्ष होत नाही तोच, जानेवारी २०२५ मध्ये, नागपूरच्याच गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूनेच दगावल्याची बातमी आली. अशी बातमी आली की चिकनवाले माशा मारत बसतात आणि घरोघरी तोच प्रश्न निघतो: खायचं की नाही खायचं?

या साथींच्या दिवसांत पशुवैद्यकांच्या अहवालांत एक शब्द हटकून भेटतो, प्रोव्हेंट्रिक्युलस. ‘प्रोव्हेंट्रिक्युलसमध्ये रक्तस्राव’ एवढं वाचून आपण निमूटपणे पुढच्या ओळीवर जातो, कारण माणसाच्या अंगात या नावाचं काही नसतंच. पण त्याच्या लगतचा अवयव आपल्या चांगला ओळखीचा आहे. चिकन घेताना दुकानदार विचारतो ना, “कलेजी-पोटा टाकू का?” त्यातला तो पोटा. पुण्या-मुंबईकडे त्याला पेटा म्हणतात. लालभडक, कडक, सावजी रश्श्यात शिजायला भाव खाणारा. शाळेच्या पुस्तकात गांडुळाच्या धड्यात ‘पेषणी’ म्हणून भेटला होता तोच हा अवयव.

पोटा हे कोंबडीचं दुसरं पोट, आणि प्रोव्हेंट्रिक्युलस हे त्याच्या आधीचं पहिलं. इथून पुढे मी त्याला ‘आम्लाचं पोट’ म्हणणार आहे, कारण त्याचं काम तेच आहे. ही दोन पोटं का आणि कशी चालतात एवढं एकदा डोक्यात बसलं, की पक्ष्यांबद्दलच्या बऱ्याच कोड्यांची उत्तरं आपोआप मिळतात. अक्षता खाऊन चिमण्या मरतात का इथपासून नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्याच्या भिंतीतून पिंपळ का उगवतो इथपर्यंत.

दात गेले कुठे?

पक्ष्यांच्या पूर्वजांना दात होते. जर्मनीत सापडलेल्या आर्किओप्टेरिक्स या आद्य पक्ष्याच्या जीवाश्मात ते स्पष्ट दिसतात. २०१४ मध्ये बऱ्याच पक्ष्यांचे जनुकीय आराखडे एकमेकांशी ताडून पाहिले गेले, तेव्हा दातांवरचं कठीण कवच बनवणारी जनुकं सगळ्यांमध्ये मोडक्या अवस्थेत सापडली. आजच्या सगळ्या पक्ष्यांच्या समान पूर्वजाने दात साधारण ११.६ कोटी वर्षांपूर्वी गमावले, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता.

का गमावले, यावर अजून वाद आहे. उडणाऱ्या जिवाला तोंडाशी वजन नको, हे उत्तर सगळ्यांना पटकन पटतं. दात आणि ते पेलणारा जड जबडा डोक्यात वागवण्यापेक्षा दळायचं यंत्र पोटात, पंखांच्या मधोमध ठेवलेलं बरं. पण दात असलेले पुष्कळ पक्षी लाखो वर्षं छान उडत होते, तेव्हा एवढ्यावर भागत नाही. अंड्यात दात घडायला फार वेळ लागतो आणि दात सोडून दिल्यावर पिल्लं लवकर बाहेर पडू लागली, असंही २०१८ मध्ये सुचवलं गेलं आहे. कारण काही असो, दाणा चावायची सोय गेली आणि ते काम पोटावर आलं.

चोचीपासून आतड्यापर्यंत

अंगणातली कोंबडी ज्वारी टिपते. दाणा अख्खाच गळ्यातून खाली जातो आणि मानेच्या बुडाशी असलेल्या एका थैलीत थांबतो. संध्याकाळी खुराड्यात शिरणाऱ्या कोंबडीच्या छातीशी हात लावून पाहा, ही थैली टम्म लागते. इथे पचन जवळजवळ होत नाही, दाणे फक्त भिजतात. उघड्यावर मांजर-मुंगसाची भीती असते, तेव्हा भराभर टिपून घ्यायचं आणि सुरक्षित जागी बसून निवांत पचवायचं, अशी ही व्यवस्था. कबुतरांच्या बाबतीत हीच थैली पिल्लांसाठी दह्यासारखा पौष्टिक पदार्थ बनवते, आणि तो नर-मादी दोघंही बनवतात.

थैलीतून दाणे थोडे थोडे आम्लाच्या पोटात उतरतात. जाड भिंतीच्या लांबट नळीसारखा हा अवयव आतून उघडला तर फोडासारखे बारीक उंचवटे दिसतात. ती ग्रंथींची तोंडं. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल आणि प्रथिनं तोडणारा पाचकरस पाझरतो. आपल्या जठरातही हेच दोन रस असतात, त्यामुळे इथवर नवीन काही नाही. वेगळेपण असं, की अन्न या पोटात फार टिकत नाही. अंगावर रस घेऊन ते लगेच पुढे सरकतं. रसाचं खरं काम होतं ते पुढच्या पोट्यात.

पाटा आणि वरवंटा

मसाला वाटताना आपण आधी खोबरं-खसखस पाट्यावर घेतो, वर पाण्याचा शिपका मारतो आणि मग वरवंटा फिरवतो. कोरडं वाटायला गेलं तर नीट वाटलं जात नाही, आणि नुसतं पाणी ओतून ठेवलं तर खोबऱ्याचा तुकडा तुकडाच राहतो. कोंबडीच्या दोन पोटांचं नातं असंच आहे. आम्लाचं पोट शिपका मारतं, पोटा वाटतो. वाटता वाटता दाण्याचा आतला भाग उघडा पडतो, तिथे रस शिरतो, मऊ झालेलं पुन्हा वाटलं जातं. मधूनमधून पोटा अर्धवट वाटलेलं अन्न मागे आम्लाच्या पोटात ढकलतो आणि परत ओढून घेतो. हा येरझारा बारीक भुकटी होईपर्यंत चालतो. भरड तुकड्याला पुढे आतड्यात सहसा वाट मिळत नाही.

पोटा म्हणजे जवळपास सगळा स्नायू. कोंबडीत तो मिनिटाला दोन-तीनदा आवळतो, आणि समोरासमोरच्या दोन जाड स्नायूंची जोडी आतला माल दाबते, रगडते. दिवसभर राबणाऱ्या या स्नायूत प्राणवायू धरून ठेवणारं लाल रंगद्रव्य भरपूर असतं, म्हणून छातीचं मांस पांढरं आणि पोटा गडद लाल. तो शिजायला वेळ खातो त्याचंही कारण हेच: कष्टाचा स्नायू आणि त्याला बांधून ठेवणाऱ्या चिवट पडद्या.

पण नुसत्या स्नायूने ज्वारी दळली जात नाही. त्यासाठी कोंबडी खडे गिळते. गावरान कोंबडीचा पोटा चिरताना सुरीला करकर लागतं ना, तेच हे खडे. दाण्यांच्या गर्दीत ते इकडून तिकडे घासले जातात, हळूहळू गुळगुळीत आणि लहान होतात आणि शेवटी आतड्यावाटे बाहेर पडतात. मग कोंबडी नवे टिपते. जिला भरपूर खडे मिळतात ती पोट्यात साठा करून ठेवते, आणि मिळेनासे झाले तर असलेले जास्त दिवस सांभाळते. शहामृगाच्या पोटात या दगडांचं वजन शरीराच्या वजनाच्या साधारण एक टक्का भरतं, म्हणजे मोठ्या पक्ष्यात किलोभर दगड.

इथे एक आडवाट. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या दगड झालेल्या विष्ठेचे गोळे सापडतात. त्यात गवताचे सूक्ष्म अवशेष आढळल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. डायनोसॉर असताना गवतच नव्हतं ही तोवरची समजूत त्याने मोडली. तिथल्या महाकाय, लांब मानेच्या डायनोसॉरांना शहामृगासारखा पोटा होता का? बरीच वर्षं तसं मानलं जाई. २००७ मध्ये दोघा संशोधकांनी शहामृगांच्या पोटातल्या दगडांशी हिशेब लावून पाहिला. लांब मानेच्या डायनोसॉरांबरोबर सापडणारे दगड शरीराच्या वजनाच्या एक दशांश टक्काही भरत नाहीत आणि ते पोटातल्या दगडांसारखे झिजलेलेही नाहीत. एवढ्या दगडांनी त्यांचा चारा वाटला जाणं शक्य नव्हतं. पक्ष्यांचे जवळचे नातलग असलेल्या कॉडिप्टेरिक्ससारख्या लहानखुऱ्या, पिसं असलेल्या डायनोसॉरांच्या पोटात मात्र खड्यांचे पुंजके जागच्या जागी सापडले आहेत. तेव्हा पोटा ही पक्ष्यांना वारशाने मिळालेली वस्तू दिसते.

सुया गिळणारी टर्की

अठराव्या शतकापर्यंत युरोपातल्या विद्वानांत एक मोठा वाद होता. अन्न पचतं म्हणजे ते दळलं जातं की विरघळतं? तो सोडवायला पक्षीच कामी आले.

फ्रान्सच्या रेओम्यूरने १७५२ मध्ये आपले प्रयोग मांडले. त्याने टर्कीला धातूच्या लहान नळ्या गिळायला लावल्या. पोट्याने त्या चेपून सपाट केल्या. दळण्याच्या बाजूचे लोक यावर खूश झाले असणार. पण रेओम्यूर पुढे गेला. त्याने एका पाळीव शिकारी पक्ष्याला, दोन्ही तोंडांना जाळी लावलेल्या नळीत मांस भरून ते गिळायला दिलं. शिकारी पक्षी न पचणारा माल ओकून टाकतो, त्यामुळे नळी परत मिळाली. नळीला पोचासुद्धा आलेला नव्हता आणि आतलं मांस बरंचसं विरघळलेलं होतं. मग त्याने नळीत स्पंजचे तुकडे घालून तो रस पिळून काढला. पाचकरस शरीराबाहेर काढून पाहण्याची ही सुरुवात.

इटलीचा स्पालान्झानी त्याच्याही पुढचा. शिशाच्या गोळ्यात सुया रोवून, पुढे तर शस्त्रक्रियेची बारीक पाती रोवून ते गोळे त्याने टर्कीला चारले. टर्की कापली तेव्हा सुया-पाती मोडलेल्या, बोथट झालेल्या होत्या आणि पोट्याला ओरखडाही नव्हता. आज कोणी असा प्रयोग करायचं म्हटलं तर कुठलीही समिती त्याला परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. गंमत अशी, की एवढं पाहूनही पक्षी खडे मुद्दाम गिळतात हे स्पालान्झानीला पटलं नाही. दाणे टिपताना चुकून जातात, असं त्याचं मत. तिथे तो फसला.

ती पिवळी साल

सुया टोचूनही पोटा शाबूत कसा राहिला? आतल्या अस्तरामुळे. दुकानदार पोटा उभा चिरतो, आतलं झटकतो आणि एक पिवळट-हिरवट, सुरकुतलेली, चामड्यासारखी साल ओढून काढतो. या सालीच्या पदार्थाला कॉइलिन म्हणतात. पोट्याच्या भिंतीतल्या ग्रंथी तो सतत पाझरवतात आणि तो बाहेर येऊन घट्ट होतो. मुख्यतः प्रथिनांचा बनलेला हा थर आम्लापासूनही वाचवतो आणि खड्यांपासूनही. पाटा गुळगुळीत झाला की आपण टाकीवाल्याला गाठतो. इथे वरून झिजेल तितकं खालून भरून निघतं, टाकीवाला घरातच.

पिवळा रंग पित्ताचा. आतड्यातलं पित्त मागे पोट्यात येतं आणि साल रंगवतं. तिच्यात विष नाही. काढून टाकतात ते ती चिवट आणि कडवट असते म्हणून, शिवाय तिच्या घड्यांत घाण अडकलेली असते. चीनच्या पारंपरिक औषधांत हीच साल वाळवून, भुकटी करून पचनासाठी देतात. पोट्याची साल म्हणजे पचनाला चांगली, हा त्यामागचा तर्क ऐकायला गोड आहे, पण पुरावा म्हणून मी तो धरणार नाही.

बहुतेक पक्ष्यांची साल थोडी थोडी झिजते. काही मात्र ती एका दमात ओकून टाकतात. केसाळ सुरवंट खाणाऱ्या कोकीळ कुळातल्या पक्ष्यांत हे दिसतं. पोट्याच्या अस्तरात सुरवंटांचे केस रुतून बसतात, मग अस्तरच टाकून द्यायचं. पावशा आणि चातक याच कुळातले. धनेशांनी फळांसकट अस्तराची पिशवी ओकल्याच्या नोंदी तर एकोणिसाव्या शतकापासून आहेत. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर राखी धनेश सहज दिसतो. त्याच्या झाडाखाली कधी असं काही पडलेलं दिसलं तर आता घाबरायला नको.

डॉक्टर आधी तिथेच का बघतात?

मेलेली कोंबडी उघडली की पशुवैद्यक आम्लाचं पोट आणि पोट्याशी होणारा त्याचा सांधा आवर्जून तपासतात. मघाशी सांगितलेल्या ग्रंथींच्या तोंडांशी लाल ठिपके दिसले तर ती राणीखेत रोगाची खूण मानली जाते. उत्तराखंडमधल्या राणीखेतवरून नाव पडलेला हा कोंबड्यांचा जुना वैरी. त्याच्या साथीत अख्खी खुराडी रिकामी होतात.

अडचण अशी, की जोरदार बर्ड फ्लूमध्येही तिथे तसेच ठिपके येऊ शकतात. म्हणून नुसत्या डोळ्यांनी निदान करता येत नाही. घशातून आणि मागच्या द्वारातून कापसाच्या काडीवर नमुने घेतात आणि ते भोपाळच्या उच्चसुरक्षा प्रयोगशाळेत जातात. आपल्याकडे बातमीत ‘भोपाळच्या अहवालाची प्रतीक्षा’ हे वाक्य दर वेळी येतं ते यामुळे.

हे वाचून कोणी घरी मेलेली कोंबडी चिरून ठिपके शोधायला बसू नये. माणसाला बर्ड फ्लू होण्याचा मुख्य धोका आजारी पक्ष्यांना हाताळण्यात, सोलण्यात आहे. चार-दोन कोंबड्या एकाएकी दगावल्या तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर कळवावं. आणि खाण्याचं म्हणाल, तर मांस आतपर्यंत ७० अंशांवर तापलं की विषाणू टिकत नाही. सावजी रश्शात तासभर रटरटणाऱ्या पोट्याबद्दल तर प्रश्नच नको. काळजी घ्यायची ती कच्चं धुताना, चिरताना.

मग घारीचं काय?

घार दाणे खात नाही. मांस आम्लाने विरघळतं, वाटावं लागत नाही. म्हणून घार, ससाणा, घुबड यांचा पोटा पातळ भिंतीचा, पिशवीसारखा असतो, आणि भर आम्लाच्या पोटावर. केस, पिसं, आणि घुबडांत हाडंही, मात्र या पिशवीत अडतात. त्यांची गोळी वळली जाते आणि पक्षी ती तोंडावाटे बाहेर टाकतो. जुन्या इमारतीच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाचा मुक्काम असेल तर खाली करड्या गोळ्यांचा सडा पडलेला असतो. एखादी पाण्यात भिजवून सोडवा, उंदरांच्या कवट्या अख्ख्या निघतात. शेतात घुबडं उंदीर किती मारतात हे कोणाला पटत नसेल तर ही गोळी त्याच्या हातावर ठेवावी.

गिधाडाचं आम्ल या सगळ्यांत जहाल. सडक्या मांसातले आपल्याला आडवे करतील असे जंतू ते पचवून जातं. यावर हुशार वाचक विचारतील: एवढं जहाल पोट, तर मग आपली गिधाडं मेली कशी? डायक्लोफिनॅकने. हे गुरांना दिलं जाणारं वेदनाशामक. जंतू आम्लात मरतात, पण औषधाचा रेणू आम्लातून सहीसलामत पुढे जाऊन रक्तात उतरतो, आणि गिधाडाची मूत्रपिंडं बंद पाडतो. जनावरांसाठी त्याच्या वापरावर भारतात २००६ मध्ये बंदी आली, तोवर बहुतेक गिधाडं संपली होती. विदर्भात ताडोबा आणि पेंचला पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडं आणून सोडायची वेळ आली ती त्याचमुळे.

हरियाल बी दळतो, बुलबुल पेरतो

फळं खाणाऱ्यांची तऱ्हा तिसरी. बुलबुल, कोकीळ, मैना वडा-पिंपळाची फळं खातात, त्यांचा मवाळ पोटा गर काढून घेतो आणि बी धक्का न लागता विष्ठेतून बाहेर पडते. ती वाड्याच्या भेगेत पडली की पुढच्या पावसाळ्यात तिथे पिंपळ. महालातला एकही जुना वाडा या पेरणीतून सुटलेला नसेल.

आपला राज्यपक्षी हरियाल वडाची फळं खातो म्हणून तोही पेरणी करत असेल असं वाटतं. पण हा कबुतरांच्या कुळातला, पोटा दणकट. त्याच्या जातभाईंवर मलेशियात झालेल्या अभ्यासात अंजीर-वर्गातल्या फळांच्या बिया पोट्यात भरडल्या जातात असं दिसलं. झाडाच्या दृष्टीने हा पाहुणा जेवून जातो, पण अहेर काही देत नाही.

फुलटोच्याचा मामला आणखी मजेदार. आंब्यावर बांडगूळ चढतं ते याच्या कृपेने. त्याच्या कुळात पोटा अन्नमार्गाच्या बाजूला असतो, हमरस्त्यावर नाही. किडा गिळला तर तो पोट्यात वळतो. बांडगुळाचं फळ गिळलं तर ते पोटा टाळून सरळ आतड्यात जातं आणि थोड्याच वेळात चिकट बी बाहेर येते. ती झटकली जात नाही म्हणून पक्षी बूड फांदीला पुसतो. बांडगुळाला आणखी काय हवं?

अक्षता खाऊन पक्षी मरतात का?

दर लग्नसराईत हा संदेश फिरतो: कच्चे तांदूळ पक्ष्यांच्या पोटात फुगतात आणि पोट फुटून ते मरतात, तेव्हा अक्षता टाकू नका. ही समजूत परदेशातून आलेली आहे. तिथेही नवरा-नवरीवर तांदूळ उधळतात. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात तर एका लोकप्रतिनिधीने तांदूळ उधळण्यावर बंदी घालणारं विधेयक आणलं होतं.

आता पोट्याचं काम आठवा. तांदूळ फुगेल तेव्हा फुगेल, त्याच्या कितीतरी आधी तो रगडून पीठ झालेला असतो. आणि कच्चा तांदूळ पक्ष्याच्या शरीराच्या उबेला भातासारखा फुलत नाही, त्याला उकळतं पाणी लागतं. अमेरिकेतल्या एका जीवशास्त्राच्या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना घेऊन कबुतरांना तांदूळ चारूनही पाहिला, काही झालं नाही. खरं तर प्रयोगाचीही गरज नव्हती. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात मुनिया, पोपट, कबुतरं पिढ्यानपिढ्या तांदूळ खात आली आहेत, आणि शेतकरी त्यांना हाकलता हाकलता थकतो. ती फुटत असती तर त्याला बुजगावणं उभारावं लागलं नसतं.

अक्षता कमी उधळाव्यात याला अन्नाची नासाडी हे कारण पुरेसं आहे. त्यात स्वस्त रंग कालवला असेल तर तो रंग हा वेगळा प्रश्न, तांदळाचा नाही.

बॉयलरचा पोटा मवाळ का असतो?

बॉयलर कोंबडीचं खाद्य आधीच दळून, गोळ्या करून येतं. वाटायला काही उरत नाही, म्हणून तिला खडे देत नाहीत आणि दिले नाहीत म्हणून काही बिघडतही नाही. फक्त पोटा कामाविना अशक्त राहतो. तिच्याच भावंडांना अख्खे किंवा भरड दाणे घातले की काही आठवड्यांत पोटा वजनदार होतो. गावरान पोटा चवीला वेगळा लागतो, तो बऱ्याच अंशी या व्यायामामुळे.

हा अवयव किती लवचीक आहे ते स्थलांतर करणाऱ्या पाणपक्ष्यांत दिसतं. समुद्रकाठचे काही चिखलपक्षी हजारो किलोमीटरच्या उड्डाणाआधी पोटा आणि आतडी लहान करून घेतात. उडताना खायचं नाही, मग ते ओझं कशाला? मुक्कामी पोचले की पुन्हा वाढवतात.

खड्यासारखं दिसणारं सगळं खडा नसतं

पक्षी खडा निवडतो तो मुख्यतः आकार बघून. मातीत पडलेला शिशाचा छर्रा त्याला खडाच वाटतो. इथे त्या दोन पोटांची जोडगोळी पक्ष्यावर उलटते. पोटा छर्रा घासून त्याचा नवा पृष्ठभाग उघडा करत राहतो, आम्ल तो विरघळवत राहतं, आणि शिसं रक्तात जातं. माणसाने तोच छर्रा गिळला तर तो बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत बाहेर पडेल. बदकाच्या पोट्यात तो मुक्कामाला राहतो. पाणथळ जागी शिकारीत उडालेल्या छर्‍यांनी इतकी बदकं मेली, की अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद केले. आपल्याकडे शिकारच बंद आहे, पण मासे धरायच्या गळाला आणि जाळ्याला शिशाची वजनं लावतात आणि ती तुटून तळ्याच्या काठी पडतातच.

शेतातली दाणेदार कीटकनाशकं हा त्याहून जवळचा धोका. वाळूच्या कणांएवढे दाणे, रंगाने मातकट, जमिनीवर पसरलेले. पाखराने ते टिपले की पोटा ते इमाने इतबारे वाटून देतो. फोरेटचे दाणे विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगायला नकोत. त्याच्यावर २०२० च्या ३१ डिसेंबरनंतर बंदी आहे, मात्र दाणेदार औषधं सगळी गेलेली नाहीत. ती पसरून मोकळं व्हायचं नाही, मातीआड करायची, आणि बांधावर सांडलेली उचलायची. पिशवीवर हे छापलेलं असतं, पण इतक्या बारीक अक्षरांत की वाचणार कोण!

घरी कोंबड्या पाळणाऱ्यांच्या बाबतीत धोका बांधकामाचा. शेजारी घराचं काम सुरू असलं की सळया बांधायच्या तारेचे तुकडे, खिळे, पत्र्याचे जस्त लावलेले काप अंगणात येतात आणि कोंबडीला ते खड्यांहून चमकदार, म्हणून जास्त आवडतात. टोकदार तार पोट्याची भिंत भेदू शकते. स्पालान्झानीच्या टर्कीचं नशीब प्रत्येकीला लाभत नाही. जस्त आम्लात विरघळून विषबाधा करतं ते वेगळंच. काम चालू असेपर्यंत कोंबड्या बांधून ठेवाव्या, किंवा संध्याकाळी लोहचुंबक फिरवून अंगण झाडावं. चुंबकाला जस्ताचा पत्रा चिकटतो, कारण आत लोखंड असतं.

आणि ज्यांच्या कोंबड्या फरशीवर किंवा पिंजऱ्यात असून ज्वारी-मका अख्खा खातात, त्यांनी खडे आपण होऊन द्यावेत. कन्हान नदीची जाड रेती चाळून, धुऊन, एका वाडग्यात ठेवली की झालं, किती खायची ते कोंबडी ठरवते. दुकानात मिळणारा शिंपल्यांचा चुरा ही त्याची बदली नव्हे. शिंपला आम्लात विरघळतो, त्याचा चुना अंड्याच्या कवचाला लागतो, पण दळायला तो टिकत नाही. अंड्यावरच्या कोंबडीला दोन्ही लागतात, दोन वेगळ्या वाडग्यांत.